पल्याड पोचलेला उजेड

"रत्नव्वा सांजच्याला बॅटरी दाखवती न्हवं, तवा तिकडनं बी…" तानाबाई एवढं म्हणाली आणि लाईट आली. पिठाच्या गिरणीचा पट्टा गरगरला, दगड धडधडायला लागले आणि पुढचं सगळं त्या आवाजात गेलं. तानाबाईचे ओठ हलत होते, समोरच्या बाईनं कपाळाला हात लावला, धोंडुबाईला मात्र एक अक्षर कळलं नाही.

आता धोंडुबाईचा स्वभाव असा, की गल्लीत कुणाची डाळ करपली तर कुठली करपली हे कळल्याशिवाय तिला घास उतरायचा नाही. तशी बाई मायाळू. कुणाचं बाळंतपण असो की दुखणं, पहिला डबा तिचाच. पण डबा द्यायला गेली की आतलं सगळं बघूनच परतायची. आणि इथं तर गोष्ट रत्नव्वाची, म्हणजे एका भिंतीपल्याडची.

रत्नव्वाचा नवरा गुरुसिद्ध बिद्रीला कारखान्यावर होता. दिवेलागण झाली की एस्टीनं कळंब्याला उतरायचा आणि तळ्याच्या बांधावरनं चालत घरी यायचा. वेळेचा अंदाज घेऊन रत्नव्वा परसदारी उभी राहायची आणि तीनदा बॅटरी मारायची. तो बांधावर थांबून विडीसाठी काडी ओढायचा. काडी दिसली की ही तवा चुलीवर ठेवायची, भाकरी गरम मिळावी म्हणून. अठ्ठ्याण्णव साली एका संध्याकाळी काडी दिसली, तवा तापला, पण माणूस आला नाही. दुसऱ्या दिवशी तो तळ्यात सापडला. लिंगायतांच्या रुद्रभूमीत त्याला मातीत बसवून आले, त्यालाही आता नऊ वर्षं झाली. बॅटरी दाखवणं मात्र रत्नव्वानं सोडलं नाही. वेडी माया, असं म्हणून गल्लीनं तो विषय कधीच मिटवला होता.

मग "तिकडनं बी" काय?

सरळ विचारलं तर रत्नव्वा ओठ शिवून बसणार. म्हणून धोंडुबाईनं उपकाराची वाट धरली. ती बॅटरी तीन सेलांची, पितळी. आतला बल्ब म्हातारा, उजेड तुपाच्या रंगाचा, कसाबसा बांधापर्यंत जाऊन बसणारा. "मी गावात चाललोय, नवं सेल घालून आणतो," म्हणून तिनं ती मागून घेतली. रत्नव्वानं दोनदा बजावलं, फक्त सेल, आणि दिवेलागणीच्या आत.

गावात पापाच्या तिकटीच्या चौकाजवळ पार्श्वनाथचं दुरुस्तीचं दुकान. त्यानं बॅटरी उघडून बघितली आणि म्हणाला, मावशी, हा बल्बच सेल खातोय, वीस रुपयांत एलईडी घाला, सेल दुप्पट चालतील आणि झोत तळ्याच्या पल्याड जाईल. धोंडुबाईला वाटलं, बिचारीची नजर अधू झालीय, तिला बरं पडेल. हो म्हणाली. पार्श्वनाथनं जुना बल्ब काढून तसल्याच शेकडो बल्बांच्या पत्र्याच्या डब्यात टाकला.

साडेसातला लोडशेडिंग सुरू झालं. धोंडुबाई बॅटरी द्यायला गेली आणि वाटीभर आमटीच्या निमित्तानं तिथंच रेंगाळली. बल्बाचं काही बोलली नाही. रत्नव्वानं परसदारी उभं राहून बटण दाबलं.

परसातला शेवगा, त्यामागचा बांध, पाणी, आणि पाण्यापल्याडचा काठसुद्धा चुन्यासारखा पांढराफेक झाला. तिथनं तो काठ अंधार पडल्यावर आजवर कुणालाच दिसला नव्हता. झोत तीनदा गेला. मग काळोख झाला. शेवाळाचा ओला वास तेवढा वर आला, आणि बेडकं ओरडायची थांबली.

"हे काय केलंस, अक्का…"

"उजेड वाढला की."

"त्याला माझी बॅटरी ठावं हाय. ही ठावं न्हाय."

मग धोंडुबाईला जे हवं होतं ते न विचारता कळलं. रत्नव्वा हळू आवाजात सांगत गेली. नऊ वर्षं रोज बांधावर काडी पेटत होती. आत कुणी येत नव्हतं, आणि तिचं तेवढं मागणंही नव्हतं. पोचलो, एवढं त्यानं कळवलं की तिच्यानं तवा ठेववायचा आणि दोन घास खाववायचे. त्या काडीवर ती जगत होती.

बांध काळाच राहिला. दोघी बघत उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं काडी पेटली, पण पल्याडच्या काठावर.

"तिकडं कशाला गेला…" रत्नव्वा पुटपुटली, तोवर शेजारी दुसरी पेटली. मग तिसरी. मग सगळ्या काठानं, माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहावीत तशा. काडी विझायला लागतो तेवढा वेळ गेला, तरी त्या विझल्या नाहीत. लांबच्या एका घरातला कंदील पाण्यात हलत होता. काड्यांचा उजेड मात्र पाण्यात कुठंच पडला नव्हता.

रत्नव्वानं धोंडुबाईचं मनगट घट्ट धरलं. "अक्का… ह्यातला आमचा कुठला?"

सकाळी पहिल्या बसनं धोंडुबाई गावात गेली. पार्श्वनाथनं हात वर केले, डबा काल संध्याकाळीच भंगारात गेला होता. तिनं चार दुकानं हिंडून जुन्या पद्धतीचे बल्ब आणले, एकेक घालून बघितला. उजेड तसाच पिवळा पडला. पण बांधावर काही नाही आणि पल्याडही काही नाही. रत्नव्वानं तवा ठेवला नाही. धोंडुबाईचा डबा दारात तसाच राहायचा. आठव्या दिवशी भिंतीला धरून उभी राहत रत्नव्वा म्हणाली, पांढरा बल्ब घाल. धोंडुबाईनं नाही म्हटलं, शपथ घातली, पाया पडली. शेवटी तिचे खोल गेलेले गाल बघून स्वतःच्या हातानं घातला.

त्या सांजेला रत्नव्वा परसात थांबली नाही. बॅटरी घेऊन बांधावर चढली. धोंडुबाई शेवग्यापर्यंत गेली आणि बुंध्याला धरून तिथंच थांबली. पांढरा झोत पल्याडच्या काठाला लागला. एकेका काडीपाशी थांबायचा, माणसाच्या तोंडाइतका वर जायचा, आणि पुढं सरकायचा. असा किती वेळ. मग एका ठिकाणी तो थांबला तो थांबलाच. बॅटरी विझली. सगळ्या काड्याही एकदम विझल्या.

धोंडुबाई आपल्या घरात परतली. लाईट आली तेव्हा भिंतीपल्याड भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

तेव्हापासनं रत्नव्वाच्या घरात सांजेला दिवा लागत नाही, लाईट असली तरी. दोन भाकऱ्या होतात. धोंडुबाई भिंतीला कान लावून बसते, सवयच ती. गुरुसिद्धाचा खोकला तिनं वीस वर्षं ऐकला होता, कोरडा, दोन ठसक्यांचा. आता पल्याड जो खोकतो, त्याचा खोकला लांबत जातो आणि तळाशी पाणी वाजतं.

एकदा नळावर न राहवून ती म्हणाली, "रत्ना… त्यो खोकतो तसं गुरुसिद्ध खोकायचा न्हाय."

रत्नव्वा घागर भरत राहिली. गाल पुन्हा भरले होते, केसाला तेल होतं.

"मला बी ठावं हाय, अक्का," ती म्हणाली. "पर कोन तरी आलं की."

गिरणीत तानाबाईनं परवा ती गोष्ट पुरी सांगितली, लाईट नसताना, सावकाश. रत्नव्वा बॅटरी दाखवती, तिकडनं बी काडी पेटती, आणि गुरुसिद्ध जेवायला घरी येतो. सगळ्या धोंडुबाईकडं बघायला लागल्या, शेजारीण तीच. जेवायला येतो हे खरं, एवढंच ती म्हणाली आणि पिठाचा डबा उचलून निघाली.

त्या सांजेला भांडी घासून ती नेहमीसारखी भिंतीला टेकली. पल्याडचा खोकला थांबला. मग अगदी जवळनं, तिच्या कानाच्याच उंचीवर, भिंतीतनं गडी माणसाचा आवाज आला, मायेचा.

"जेवलीस व्हय, गंगू?"

गंगू हे तिचं माहेरचं नाव. लग्नात ते बदललं, त्याला तीस वर्षं झाली. कळंब्यात ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या नावानं हाक मारणारं माणूस आता तिच्या माहेरी, चंदगडातही उरलं नव्हतं.