अंधाराचं वर्तुळ

बोरजाईच्या पठारावर उघड्यावर दिवा लावणं हा गुन्हा ठरून अकरा वर्षं झाली होती, आणि तो गुन्हा पकडणं ही सुगंधा भोइटेची नोकरी. हुद्दा 'तमोरक्षक', म्हणजे दुर्बिणीभोवती पन्नास किलोमीटरचा अंधार राखणारी. गाव तिला फुंकरबाई म्हणायचं.

आज मात्र ही फुंकरबाईच दिव्याची परवानगी मागायला भरदुपारी वेधशाळेत आली होती. अमावास्येच्या जत्रेत देवीची दीपमाळ पेटवायचा मान भोइट्यांचा. तिच्या आबांना काचबिंदू झालेला. डॉक्टरांच्या मते नजर फार तर आणखी चार महिने.

"एकच रात्र, मॅडम. आबांनी डोळं भरून बघितली की झालं."

खगोलशास्त्रज्ञ डॉ. मृदुला केंकरेंनी सही आधीच करून ठेवली होती. "घ्या. एका रात्रीनं आभाळ कोसळत नाही. पण हे बघून जा."

पडद्यावर एकतीस प्रकाशवर्षं दूरचा ग्रह होता. दिसत होतं ते एकतीस वर्षांपूर्वीचं. त्याच्या रात्रीच्या बाजूवर तांबूस उजेड असे. तो तिथल्या कुणाच्या तरी दिव्यांचा. शास्त्रज्ञ त्याला 'निशाप्रभा' म्हणत. ती इतकी फिकी, की पठारावरची एक मशालही तिला गिळून टाकी.

"ती विझत चाललीय."

"अगं बाई! माणसं मेली का काय?"

"मेली असती तर दिवे कुठेही, कसेही गेले असते. हे एका जागेभोवती जातायत. आधी छोटं वर्तुळ, मग मोठं. पुढचं याच अमावास्येला दिसेल असा अंदाज आहे."

असं वर्तुळ सुगंधाच्या कचेरीत भिंतीवरच्या नकाशावर आखलेलं होतं. "म्हंजे त्यांनी पण कायदा केलाय?"

"हो. आणि त्या जागेच्या बरोब्बर डोक्यावरून जो तारा जातो, तो आपला सूर्य."

सुगंधाच्या अंगावर सरसरून काटा आला. कुणीतरी आपल्याकडे बघत होतं. आपण दिसावं म्हणून तिथेही कुणी दारोदार फिरून दिवे विझवत होतं, घरच्यांच्या शिव्या खात होतं. तिला रडू आलं, आणि ते कशाचं हे तिचं तिलाच कळेना.

तिनं परवानगीचा कागद टेबलावर परत ठेवला.

घरी आबा ओट्यावर वाती वळत बसले होते.

"मिळाली का गं?"

"नाही दिली त्यांनी."

बापाशी ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

आबांनी हातातली वात चाचपून पुरी केली आणि ढिगावर ठेवली. "असू दे," ते म्हणाले, "फुडल्या वर्षी बघू."