बिजली थिजली तेव्हा

सुनीती म्हणजे भित्री भागूबाई. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दिवा चालू ठेवल्याशिवाय तिला झोप येत नसे, आणि अशा बाईने पीएच.डी.ला विषय घेतला तो भीतीचाच! मेंदूत भीती जागवणारा एक इवलासा भाग असतो, बिजली नावाच्या उंदरिणीचा तो भाग तिने ऑपरेशन करून जाळला होता. काम नीट झालं असेल तर बिजली कशालाच घाबरणार नव्हती. घाबरली, तर सुनीतीची सगळी वर्षं पाण्यात.

थंडीतली दुपार होती. बाहेर धुकं, आत प्रयोगशाळेत भुशाचा उबट वास. तिचे गाइड भालचंद्र सर यांनी घरच्या मांजराचं अंथरूण म्हणून वापरलेलं फडकं पिंजऱ्यात टाकलं. बिजलीने ते हुंगलं आणि खुशाल त्यावर अंग टाकलं. सुनीतीला हसूच आलं.

मग एकाएकी बिजली थिजली. केस ताठ उभे, तोंड सुनीतीच्या शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे.

"सर... तिथे काही आहे का?"

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," सर म्हणाले, पण हळूच. "ऑपरेशन अर्धवट राहिलं असणार. मेंदूचे काप काढून बघ, और क्या."

चाचणी संपली की जनावर मारायचं आणि मेंदू तपासायचा, हा तिथला नियमच. एरवी या कामाआधी सुनीती रडायची. या वेळी तिचे हात थरथरलेसुद्धा नाहीत. त्या रात्री घरी तिने दिवा मालवला आणि गाढ झोपली. "चलो, सुटलो एकदाचे," नवरा विलास म्हणाला.

काप तयार झाल्यावर सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकून होते.

"तो भाग पूर्ण जळालाय गं. शाब्बास, तुझा थीसिस तरला."

"मग ती घाबरली कशाने?"

सर काप डबीत ठेवू लागले. सुनीतीला आनंदच इतका झाला होता की तिने पुन्हा विचारलं नाही. ती उंदरांना दाणे घालायला निघाली, सर मागोमाग आले. उंदरांच्या खोलीतली कुरतड दाराबाहेर ऐकू येत होती. तिने आत पाऊल टाकलं आणि कुरतड बंद झाली. तिच्या हातून दाणे खाऊन वाढलेले सगळे उंदीर थिजून बसले होते. केस उभे, तोंडं तिच्याकडे.

"सुनीती..." सर उंबऱ्याबाहेरच थांबले होते. "तू... बाहेर ये."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इथे आपणही घाबरायला हवं, हे तिच्या लक्षात आलं. तिने मनात भीती शोधून पाहिली. कुठेच सापडली नाही. तिला फार बरं वाटत होतं.