दर्शनाच्या पदराचा रंग

"पोरी, हे दाबून लहान केलेले फोटो. उघडून पुन्हा सेव्ह केलेस, की दर खेपेला थोडे झिजतात. मूळ प्रत बाजूला ठेवायची, खेळायचं ते नकलेशी."

मांडवीच्या फोटो स्टुडिओत राहीला काम शिकवणाऱ्या नानांचा हा आवाज. नाना जाऊन वर्षं झाली, तरी सेव्ह करताना तो कानाशी यायचाच. या श्रावणात मात्र राहीनं तो ऐकून न ऐकल्यासारखा केला.

झालं असं, की छत्री मिटत दीपेश आत शिरला. शाळेतला सोबती, आता जहाजावर नोकरीला, सुट्टीवर आलेला.

"काय गो राही, तू इथे?"

"मग कुठे असू? तुझ्या जहाजावर?"

तो हसला. ओल्या केसांतून एक थेंब गालावर ओघळला... राहीची नजर त्याच्यामागून ओघळली. तेवढ्यात त्यानं मोबाईल पुढे केला. भाट्याच्या किनाऱ्यावर सगळं गणगोत, आणि दीपेशला खेटून एक हसरी मुलगी.

"दर्शना, लांज्याची. आईनं माझ्यासाठी बघितलीय. बाकीचे काढ, आम्हा दोघांचाच मोठा करून दे. तिच्या घरी पाठवायचाय."

राहीनं फोटो कॉम्प्युटरवर घेतला. काळजात काटा रुतला, पण चेहरा हसरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी दीपेश पुन्हा हजर. "पदर जरा हिरवा कर." तिसऱ्या दिवशी म्हणे, अबोली कर. चौथ्या दिवशी मोरपंखी!

"बरंच लक्ष आहे रे पदराकडे," राही फणकारली.

तो गेला, की ती फोटो उघडायची, क्वालिटीचा काटा पार खाली ओढायची आणि सेव्ह करायची. पुन्हा उघड, पुन्हा सेव्ह. दर्शनाच्या गालांवर चौकटी उमटल्या, डोळे विरघळले, हसू पुसलं. राहीच्या जिवाला गारवा वाटला, आणि लगेच लाजही.

पुढच्या खेपेला दीपेशनं पडद्यावर पाहिलं. "हे काय गो? खवले चढले हिच्या तोंडाला!"

"मी बिघडवलाय. मुद्दाम."

त्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं. मग खिशातून मोबाईल काढून टेबलावर ठेवला. "मूळ फोटो यात आहे. आईनं आज मागितलाय. नीट करून देशील?"

"इतकी घाई आहे, तर रोज रंग कशाला बदललेस?"

"मला रंगातलं कळतं कधी? चित्रकलेच्या तासाला माझा समुद्रसुद्धा तूच रंगवायचीस. रोज इथे यायला काहीतरी निमित्त नको?" त्याचा आवाज उतरला. "पण तू कधी काही बोललीच नाहीस, राही... आज फोटो गेला, की तिकडची बोलणी पक्की."

बाहेर सर कोसळत होती. राहीनं मोबाईल उचलला... आणि त्याच्या हातात परत ठेवला.

"नाही करणार. तुझ्या शेजारी मी हवीय, दीपेश. शाळेपासून."