हिरव्या लुगड्याच्या पिवळ्या चिंध्या

"घट्ट बांध," प्रणितनं मनगट पुढं केलं. "अन् काळ्या चावला तर घरी सांग, मी पडलो म्हणून."

"सांगीन. कुत्र्याच्या तोंडात पडला म्हणून," उर्वशी म्हणाली आणि तिनं पिवळ्या चिंधीची गाठ आवळली.

उर्वशी उन्हाळ्याच्या सुट्टीत ऊर्जानगरहून गडचिरोलीच्या जंगलात वच्छलामावशीकडे आली होती. प्रणित मावशीचा मुलगा. आल्या दिवसापासून उर्वशीला एक नवल दिसत होतं. गावात ज्याच्या त्याच्या मनगटाला चिंधी. म्हणे वाघ शिवत नाही.

यामागची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मागे एका उन्हाळ्यात मोहफुलं वेचणं चालू असताना वाघ गावातल्या लहानग्या दुर्गावर आला आणि तिची आई मधे उभी राहिली. आई गेली. वाघ पुन्हा पोरीकडे वळला, हातभर अंतरावर आला आणि समोर भिंत लागावी तसा थबकून निघून गेला. तेव्हापासून दुर्गाला साप वाट देतो, रानडुक्कर बाजूला होतं. मग गावानं तिच्या आईचं लुगडं फाडून चिंध्या वाटून घेतल्या. पोर मात्र कुणाच्या वाट्याला आली नाही. ती म्हाताऱ्या बुधरीआजीच्या झोपडीत निजायची आणि जिथे चूल पेटलेली दिसेल तिथे रेंगाळायची.

तीच दुर्गा आता काळ्यापाशी गेली. तिनं त्याच्या तोंडातलं हाड काढून घेतलं. काळ्यानं सरकारी साहेबासारखं दुसरीकडे पाहिलं. तिनं हाड परत दिलं, मग प्रणित पुढे झाला. पुढच्या क्षणी प्रणित बैलबंडीवर होता आणि त्याच्या चड्डीचा तुकडा खाली.

"चिंधी झोपली होती वाटते," दुर्गा म्हणाली.

उर्वशी हसली नाही. "दुर्गा, तुझ्या आईचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं?"

"हिरवं."

"मग ही पिवळी कुठून आली? सोमाजी आजोबांची तर निळी आहे. हिरव्या लुगड्याले इतके रंग फुटले कसे?"

प्रणित बंडीवरून सावकाश उतरला. "मले भैयाजीनं देल्ली. आईलेबी त्यानंच देल्ली, फुलंफुलंवाली."

भैयाजी म्हणजे विड्यांसाठी तेंदूपत्ता गोळा करणाऱ्यांचा मुकादम. पत्ता जितका जास्त, तितका तो ठेकेदाराच्या मर्जीत. माणसं कुठवर जातात, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

तिघं बुधरीआजीकडे गेली. आजीनं चिंधी हातात घेतली आणि जमिनीवर टाकली.

"हिरवी असो का पिवळी, सारखीच. मी म्हटलं होतं, मायनं पोरीले पदरात घेतलं म्हणून वाघ फिरला. पदरात घेतलं म्हणजे आपलं मानलं, वो! स्वतः उघडी राह्यली अन् पोरीले झाकलं. या शहाण्यांनी पदरच फाडून नेला."

"म्हणजे चिंधीत काईच नाई?" प्रणितनं विचारलं.

"चिंधीत चिंधी आहे. कवच पोरीच्या अंगावर आहे, अन् ते एकाचंच. दुसऱ्याले द्यायचं तर आपल्या अंगावरचं काढून द्यावं लागते. मग आपण उघडे."

प्रणितचा चेहरा उतरला. "आई नाल्याकडे गेली आहे. एकटी. भैयाजी म्हणे, चिंधी असताना डबे वाजवत टोळीनं काऊन जायचं? एकेकटे पसरा, पत्ता जास्त निघते."

"नाल्यात काल पंजे होते," दुर्गा हळूच म्हणाली.

तिघं पळत सुटली.

गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत बायामाणसं पत्त्याचे पुडे बांधत बसली होती. भैयाजी सावलीत उभा होता.

"भैयाजी, माणसं द्या," प्रणितला धाप लागली होती. "आईले आणायचं आहे. नाल्यात वाघ आहे."

"चिंधी बांधली ना तिनं? मग कायचा वाघ? उन्हानं डोकं फिरलं तुमचं."

उर्वशीला ओरडावंसं वाटत होतं. पण पोरं ओरडली की मोठी माणसं कान मिटतात, हा हिशेब तिला घरूनच पक्का ठाऊक होता. तिनं आवाज अगदी गोड केला.

"खरं आहे तुमचं. माणसं कायले पाहिजेत? तुम्हीच चला आमच्यासंगं. पण तुमची चिंधी कुठी आहे, भैयाजी?"

भैयाजीनं हात पाठीमागे नेले. उशीर झाला होता. पुडे बांधणारे हात थांबले होते. गावभर चिंध्या वाटणाऱ्याच्या मनगटावर नुसतं घड्याळ होतं.

"मले इथी काम आहे," तो पुटपुटला.

सोमाजी आजोबांनी स्वतःची निळी चिंधी सोडली आणि मातीत फेकली. "डबे घ्या रे. चला सगळे."

पोरं तोवर पुढे निघाली होती. डबे शोधून माणसं निघेपर्यंत थांबायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

नाल्यात पाणी नव्हतं, नुसती वाळू आणि दगड. मोठ्या खडकाला पाठ लावून वच्छलामावशी बसली होती. तिचा एक पाय मुरगळून वाकडा झाला होता. समोर, वाळूत पोट टेकवून, वाघ.

"आई," प्रणितचा आवाज फाटला, "ती चिंधी खोटी आहे."

मावशीनं मनगटाकडे पाहिलं. मग प्रणितकडे. "मागं जा," ती एवढंच म्हणाली.

दुर्गा चालत गेली आणि मावशी अन् वाघाच्या मधे उभी राहिली. वाघ उठला. डावीकडे सरकला, दुर्गाही सरकली. उजवीकडे सरकला, तीही सरकली. त्याला घाई नव्हती. डब्यांचा आवाज कुठूनच येत नव्हता.

मग तिच्या पायाखालचा दगड निसटला. दुर्गा आडवी झाली आणि वाघाला वाट मोकळी मिळाली.

ती सरपटत गेली आणि तिनं मावशीच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. "काकू, माझं घ्या. सगळं घ्या."

उर्वशीनं ते स्पष्ट पाहिलं. वाघाची नजर मावशीवरून घसरली, जणू तिथे कुणी नव्हतंच, आणि दुर्गावर येऊन थांबली. इतकी वर्षं ज्या पोरीपुढं जनावरं नजर वळवायची, तिच्याकडे तो भूक लागल्यासारखा पाहत होता. दुर्गाच्या तोंडून बारीकसा हुंदका निघाला.

आजीचं बोलणं मावशीनं ऐकलं नव्हतं. तिनं फक्त वाघाची नजर ओळखली. तिनं पोरीला अंगाखाली ओढलं आणि वर पालथी झाली.

"ही माझी पोर आहे. खायचं तर मले खा."

उचललेला पंजा हवेतच राहिला. नजर मावशीवर आली.

"काकू, नाई, मी वर होते."

"गप. खाली राह्य."

"तुमचा पाय मोडला आहे!"

"पायानं झाकून राह्यली का मी तुले?"

दोघी एकमेकींना झाकत होत्या, एकमेकींशी भांडत होत्या. वाघाची नजर इकडून तिकडे फिरत होती. जी उघडी दिसे ती तेवढ्यात झाकली जाई. कवच कुणी जवळ ठेवतच नव्हतं.

उर्वशीला कळलं, झाकणारे वाढले तर कुणीच उघडं राहणार नाही. "प्रणित, आपल्यालेबी जावं लागते."

"मी अर्धा मेलो आहे."

"मग उरलेला अर्धा घेऊन चल."

दोघं धावली आणि त्या ढिगावर पडली. उर्वशीनं डोळे मिटून मनात म्हटलं, माझ्या वाट्याचं असेल ते यांना. कुणाचा तरी श्वास तिच्या मानेवर गरम लागत होता. तो प्रणितचा आहे की नाही, हे पाहायचं धाडस तिला झालं नाही.

दूर डबे वाजले. मग जवळ. वाळूवर जड पावलं वळली आणि झाडीत विरली.

सोमाजी आजोबा येऊन पोहोचले तरी चौघं सुटायला तयार नव्हती. आजोबांनी एकेकाला हातानं उठवलं. "लेकरांनो," ते म्हणाले, "आम्ही कापड वाटत बसलो. खरं काम तुम्ही केलं." मागून भैयाजी काहीतरी समजावू लागला, पण त्याच्याकडे कुणी वळलं नाही. बायांनी मनगटं मोकळी केली होती, आणि भैयाजीची लबाडी ठेकेदाराला कुणी सांगायची ते तिथल्या तिथे ठरलं होतं.

दोन खांद्यांचा आधार घेऊन मावशी उठली. जंगलातून येता-जाता गाव नेहमी दुर्गाला सगळ्यात पुढे घालत असे. सवयीनं ती पुढे झाली.

"पुढं कुठी चालली वं?" मावशी म्हणाली. "मधात ये."

दुर्गा थांबली. मग प्रणितच्या मागे आणि उर्वशीच्या पुढे येऊन उभी राहिली. रांगेत मधे कसं चालतात, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. गाव येईपर्यंत तिनं कितीदा तरी प्रणितच्या टाचेवर पाय दिला, आणि तो एकदाही कुरकुरला नाही.