तीन वितांचं अंतर

एप्रिलच्या भर दुपारी वाकळी मागत दारात आलेला माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

"चार-पाच असल्या तर बरं," तो म्हणाला. "विहारात भिंतीवर टांगायच्यात. आवाज लई घुमतोय."

हा सौरभ. अंबाजोगाईच्या एका संस्थेनं त्याला घाटनांदूरला धाडलं होतं, जाईबाईच्या भीमाच्या ओव्या रेकॉर्ड करायला. जाईबाई म्हणजे माझीच आत्या, हे त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक!

"अन् न्हाई दिल्या तर?"

"तर... तुमीच उभ्या ऱ्हा भिंतीला टेकून."

मी वाकळी दिल्या. वर स्वतः जाऊन टांगल्यासुद्धा.

आत्या गायची आणि मी झील धरायची, म्हणजे तिची ओळ झेलून मागून म्हणायची. म्हणून माईक दोन. सौरभ ते वितेनं मोजून मांडायचा. तोंडापासून माईक एक वीत, तर दोन माइकांत निदान तीन वीत अंतर.

"एवढं मोजता कावून?"

"जवळ आले की एकच आवाज दोघांत शिरतो. एकात आधी, दुसऱ्यात जरासा मागून. मग एकत्र केले की एकमेकाला खातात. आवाज पोकळ होतो."

"जवळ आल्यावर खातात? माणसांचं तर उलटं असतंय."

"माणसांचं मला... ठाव न्हाई," म्हणत त्यानं केबल गुंडाळली, तीही उलटी. कान मात्र लालबुंद झाले होते.

तिसऱ्या दिवशी खरं रेकॉर्डिंग. त्यानं माइकाच्या पायांभोवती खडूनं खुणा केल्या. "इथून हलू नको हं, माया." पहिल्यांदाच 'तू' म्हणाला... आणि खांबापलीकडं जाऊन बसला.

खांबाआड त्याचं तोंडच दिसेना! मी हळूच सरकले, माईकही सरकवला, आत्याच्या अगदी जवळ. आता तो दिसत होता — डोळे मिटलेले, हेडफोनच्या डाव्या कानात आत्या, उजव्या कानात मी. वेगवेगळं ऐकताना त्याला काही कळलं नाही. तो उठायच्या आधी मी माईक गुपचूप खुणेवर ठेवून दिला.

आठवड्यानं दोन्ही माइकांचे आवाज एकत्र केल्यावर आत्याचा भरदार गळा डब्यातून आल्यासारखा ऐकू आला. एक ओळ समोर, दुसरी माझ्याकडं वळून गायची तिची सवय, त्यामुळं एकटा कुठलाच माईक पुरेना. पुन्हा गाऊन घ्यावं, तर तोवर तिला अर्धांगाचा झटका आला होता. गळा गेला तो गेलाच.

संस्थेचे साहेब आत्याला बघायला आले, सौरभही होता.

"माईक कुणी मांडले होते?"

"मी," सौरभ म्हणाला. आणि माझ्याकडं पाहिलं.

मी आत्याचं पांघरूण नीट करत बसले. 'मी सरकवला' म्हटलं की पुढचा प्रश्न 'का?' चार माणसांत, आजारी आत्याच्या उशाशी, ते कसं सांगायचं? सांगायला हवं होतं. जीभ झडली नसती माझी.

त्याचं काम गेलं. तो पुण्याला गेला.

परवा, सहा वर्षांनी, त्याची फाईल आली. लावली... आणि आत्याचा आवाज, अख्खा! खाटेवर आत्याचा धड हात ठेका धरू लागला. मी रडतच फोन लावला.

"कसं केलंत?"

"एकेक ओळ मागंपुढं सरकवून जुळवली. सुट्टीच्या दिवशी बसायचो. तुझा माईक दोन वीत सरकला व्हता."

"कधी कळलं?"

"तवाच, एकत्र केल्यावर. दोन्ही आवाजांतल्या अंतरावरून कळतंय."

"मग बोलला कावून न्हाई?"

"वाटलं, तू सांगशील."

डोळे मिटून मी सांगून टाकलं, "खांबाआड तुमी दिसत नव्हता. म्हणून सरकवला."

पलीकडं एक तान्हं रडलं आणि कुणी बाई म्हणाली, "अहो, हिला घ्या जरा."

"आलो," तो तिकडं म्हणाला. मग मला, हळूच, "तवाच सांगायचं व्हतंस, माया. मीच खांबाच्या अलीकडं येऊन बसलो असतो."

फोन ठेवला. आत्यानं बोटानं खुणावलं, परत लाव. मी ओव्या परत लावल्या.