केणी सरांचा लूम

सुकट आणायला जाते, असं आईला सांगून धम्मदिना घरातून निघाली, आणि ते काही खोटं नव्हतं. सुकट तिने खरंच घेतली. पण पिशवी घेऊन घराकडे वळायच्या ऐवजी ती शाळेच्या रस्त्याला लागली. आज तिथे केणी सरांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार होता. माजी विद्यार्थ्यांनी आठवडाभर आधीपासून भिवंडीत फ्लेक्स लावले होते. मधे सरांचा फोटो, वर 'आमचे शिल्पकार', आणि खाली गोदामवाले, कारखानदार, नगरसेवक झालेल्या पोरांचे सरांपेक्षा मोठे फोटो. कुणाचं प्रेम किती, ते फोटोच्या आकारावरून कळत होतं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापड विणणारे लूम चालू होते. इथे जन्मलेल्या माणसाला तो आवाज ऐकू येत नाही. थांबला तरच कळतं की इतका वेळ काहीतरी वाजत होतं. लूमच्या वस्तीत माणसं घरातसुद्धा ओरडून बोलतात, आणि दारावर नुसती थाप मारली तर आतल्याला तीही लूमची खटखटच वाटते. म्हणून प्रत्येक घराची दार वाजवायची आपली एक खूण असते. लूम एकसारखा वाजतो, माणसाने मोडून वाजवायचं. धम्मदिनाच्या घरची खूण होती लागोपाठ दोन थापा, मग श्वासभर थांबून एक. टक-टक… टक. बाप पंढरीनाथ लूमवरची ड्युटी संपवून यायचा तो असा, आणि भाऊ रवींद्र शाळेतून यायचा तोही असाच.

वीस वर्षांपूर्वी एका शनिवारी रवींद्र शाळेतून आलाच नाही.

तो तेव्हा नववीत होता, धम्मदिना सातवीत. शाळेतलं एक भिंग हरवलं होतं आणि सरांचा संशय त्याच्यावर होता, एवढं पोरांच्या तोंडून कळलं. संध्याकाळी पंढरीनाथ सरांच्या घरी गेला तेव्हा सर ओट्यावर बसून चहा पीत होते. "राहील एक रात्र बाहेर तर अक्कल येईल," म्हणाले. बिचाऱ्या बापाला वाटलं, पोरगा रागावून कुठे फिरत असेल, त्याबद्दल सर बोलताहेत. सोमवारी शिपायाला रवींद्र सापडला, सभागृहाच्या मागच्या खेळांच्या सामानाच्या खोलीत, चटयांच्या ढिगाशी. त्याला दमा होता. सरांनी सगळ्यांना सांगितलं की मुलगा चोरी करायला आत शिरला, वाऱ्याने दार लागलं आणि कडी पडली.

कडी बाहेरून होती. वाऱ्याने बाहेरची कडी लागते, हे अख्ख्या गावाने माना डोलावून मान्य केलं. सरांसारखा माणूस खोटं कशाला बोलेल? पंढरीनाथ त्या बोलण्यानेच खचून गेला आणि दोन पावसाळे काढून मेला. शेवंता, धम्मदिनाची आई, नळावर भांडली की आजही कुणीतरी तिला 'चोराची आई' म्हणून गप्प बसवायचं. आता तिचं हृदय थकलं होतं. जिना चढताना ती मधेच बसायची. ती जाण्याआधी तिच्या कानावर एक वाक्य पडायला हवं होतं, आणि ते सरांच्याच तोंडून: रवींद्र चोर नव्हता, त्याला मी कोंडलं. एवढ्यासाठी धम्मदिना आज तिथे चालली होती. ती स्वतः शिक्षिका झाली होती, आणि थंडी असो की पाऊस, आपल्या वर्गाचं दार ती कधी लावत नसे.

शाळेचं सभागृह भरलेलं होतं. लूमचा आवाज आणि कापसाचं तूस आत येऊ नये म्हणून खिडक्या कधीच विटांनी बुजवल्या होत्या. भरदुपारी आत ट्यूबलाइटी जळत होत्या. झेंडू, अत्तर आणि शेजारच्या कारखान्यातल्या खळीचा आंबूस वास एकमेकांत मिसळला होता. स्टेजच्या मागच्या भिंतीवर मोठा फ्लेक्स ताणलेला. त्याच्या मागे पूर्वी त्या सामानाच्या खोलीचं दार होतं. तेही नंतर बुजवलं, वर प्लास्टर केलं. ते कुठे होतं ते इथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्यावरच सगळ्यांनी मिळून सरांचा फोटो लावला होता.

"अरे, धम्मा! आलीस, बरं केलंस." कार्यक्रमाचा यजमान केसरीनाथ पुढे आला. रवींद्र नववीत असताना हा दहावीत होता. आता राहनाळला त्याची गोदामं होती. त्याने आधी तिच्या पिशवीकडे बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि आवाज खाली आणला. "आज काय काढू नको हां, ताई. म्हातारा माणूस हाय. कान पन गेलेत त्यांचे."

"मला दोन मिनिटं माइक द्या."

"बघू… शेवटी बघू."

भाषणं सुरू झाली. माणूस म्हातारा झाला की लोकांना त्याच्या हातचा मारसुद्धा गोड लागायला लागतो. एकजण म्हणाला, सरांच्या छडीने मला घडवलं. दुसरा म्हणाला, सरांनी मला एकदा दिवसभर उन्हात उभं केलं, म्हणून आज माझा स्वतःचा कारखाना आहे. लोक हसत होते, डोळे पुसत होते. स्टेजवर सर शाल पांघरून, मान किंचित हलवत बसले होते. धम्मदिनाच्या अंगाची लाही लाही होत होती. ज्याला घडवता घडवता मारलं, त्याची आठवण कोण सांगणार? त्याच्या वाटचं भाषण या कार्यक्रमात नव्हतं.

मग हिरामण उठला. गोलमटोल, भाबडा माणूस. खारबावला त्याचं किराण्याचं दुकान होतं. सरांनी त्याला गणितात पास केलं, हे त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं आश्चर्य होतं.

"सर रविवारी दहावीचा वर्ग फुकट घ्यायचे," तो म्हणाला. "याच हॉलच्या बाजूच्या खोलीत. मागे लूम. एका रविवारी काय झालं, एक लूम असा बिघडलेला की बस. सकाळपास्नं आपलं एकच…"

त्याने माइकसमोरच्या लाकडी मेजावर बोटांनी वाजवून दाखवलं.

टक-टक… टक. टक-टक… टक.

"आम्ही पोरं वैतागलो. सर म्हनले, लक्ष देऊ नका, लूम आहे. तरी तो काय थांबंना! शेवटी सर उठले, मागे गेले, आनि एकच आवाज दिला, 'पुरे!' मंडळी, खोटं वाटंल तुम्हाला, लूम बंद! मशीन ऐकायची हो सरांचं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हिरामणचे डोळे भरून आले होते. आपण काय बोललो, ते त्याला कळलंच नव्हतं. वीस वर्षं ती गोष्ट त्याने कौतुकाने जपली होती, पोरांना सांगितली असेल, बायकोला सांगितली असेल. धम्मदिना खुर्चीवरून कधी उठली ते तिचं तिलाही कळलं नाही. तिच्या घरची थाप, आईच्या दारावरची थाप, या परक्या माणसाच्या बोटांतून आली होती, आणि लोक त्या थापेला टाळ्या देत होते! म्हणजे रविवारी तो जिवंत होता. तो दार वाजवत होता. लूमपेक्षा वेगळं ऐकू जावं म्हणून खुणेने वाजवत होता, आणि भिंतीपलीकडे हे सगळे गणितं सोडवत होते.

ती स्टेजवर चढली. केसरीनाथ आडवा आला, त्याला तिने पिशवीनेच बाजूला सारलं आणि माइक हातात घेतला.

"मी रवींद्रची बहीण," ती म्हणाली, आणि लाइट गेली.

लोडशेडिंगची वेळ नव्हती. आधी अंधारात थोडी हसाहस झाली. मग बाहेरचे लूम बंद पडत गेले, शेजारचे, त्यांच्या पलीकडचे, शेवटी नाक्यावरचे. शांतता पसरली. भिवंडीच्या माणसाला शांततेची सवय नाही. कानात दडे बसल्यासारखं झालं. झेंडूचा वास विरला आणि जुन्या, ओलसर काथ्याच्या चटयांचा वास आला. कुणीतरी खोकलं.

टक-टक… टक.

"कुनाचा तरी जनरेटर असेल," केसरीनाथ अंधारात पुटपुटला.

टक-टक… टक.

आवाज फ्लेक्सच्या मागून येत होता. घाई नव्हती त्याला. खूप वेळ वाजवून दमलेल्या माणसासारखा, हळू. लोकांच्या पाठीमागच्या दारातून थोडा उजेड येत होता, त्यात धम्मदिनाला दिसलं, सगळ्यांत आधी मान वळली होती ती सरांची. कान गेलेल्या सरांची.

"लक्ष देऊ नका," सर म्हणाले. आवाज म्हाताऱ्याचा नव्हता, वर्गातला होता. "लूम आहे."

धम्मदिना सरांकडे वळली.

"सर… लाइट गेलीय. सगळे लूम बंद आहेत."

बुजवलेल्या दारामागे पुन्हा दोन थापा पडल्या. मग वाजवणारा थांबला… तिसरी यायला फार वेळ लागला. सर खुर्चीवरून उठले, शाल खाली पडली, आणि स्वतःच्याच फोटोवर तळहात आपटून ते ओरडले,

"रवींद्र! पुरे!"

थाप बंद झाली.

मग हिरामण लहान मुलासारखा रडायला लागला. "मी… मी लूम समजलो हो… आई शप्पथ, लूम समजलो…"

"तुम्ही सगळे होतात!" धम्मदिना माइकशिवायच ओरडली. तिला माइक लागत नव्हता, ती लूमच्या वस्तीत वाढली होती. "सोमवारी तो सापडला तेव्हा एकालाही आठवलं नाही, काल काय वाजत होतं? की आठवलं, आणि गिळून टाकलंत? माझ्या आईला चोराची आई म्हणालात! आणि या माणसाला शाल देता? त्याच भिंतीवर त्याचा फोटो लावता?"

सर भिंतीकडे तोंड करून तसेच उभे होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

इतक्यात लाइट आली. लूम सुरू झाले, एकामागून एक, आणि त्या खटखटीबरोबर लोकांच्या चेहऱ्यांवर रंग परत आला. ते बघून तिला किळस आली. पांघरूण मिळालं होतं सगळ्यांना. केसरीनाथने माइक उचलला, घसा साफ केला आणि म्हणाला, "जेवनाची व्यवस्था मागच्या पटांगनात केलेली हाय."

आणि लोक उठले. खरंच उठले, जेवायला.

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. शेवंताने पिशवीतली सुकट सुपात ओतली. मग म्हणाली, "माझा पोर चोर न्हाय, मना ठाव होतं." पदराने डोळे पुसून तिने विचारलं, "मंग दार उघडलं का कुनी?"



पुढच्या शुक्रवारी दुपारी तिचा मोबाइल वाजला. शुक्रवार म्हणजे लूमची सुट्टी. वस्ती चिडीचूप होती. शेवंता विळीवर भेंडी चिरत बसली होती. फोन केसरीनाथचा होता.

"ताई… राहनाळवरून बोलतोय. गोदामावरून." त्याला धाप लागली होती. "एक गोदाम रिकामं केलं आज. मी स्वता आत फिरून बगितलं. कोन न्हाय. मीच कुलूप लावलं… किल्ली माझ्याच हातात हाय."

"मग?"

"आतून वाजतंय."

फोनमधून ऐकू येत होतं, शटरच्या पत्र्यावर, हळू, मोडून.

"हितं लूम न्हायत, ताई. एक पन न्हाय… काय करू? तू सांग."

"किल्ली हातात आहे ना? उघडा."

"भीती वाटते गं…"

"त्यालाही वाटली होती!" ती एवढ्या जोराने म्हणाली की शेवंताने मान वर केली. "दीड दिवस वाटली होती त्याला. उघडा! या वेळी तरी कुणीतरी उघडा!"

पलीकडे किल्ल्यांचा आवाज झाला. ती कान देऊन ऐकत राहिली. कुलूप काही उघडलं नाही. मग फोनपासून लांब, बहुतेक गोदामाच्या वॉचमनने काहीतरी विचारलं असावं, कारण केसरीनाथचा आवाज आला, अगदी शांत, समजुतीचा.

"काय न्हाय रे. लक्ष नको देऊ. लूम हाय."

फोन कट झाला. संतापाने धम्मदिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मोबाइल कानापासून खाली घेतला, पण वाजायचं थांबलं नव्हतं. टक-टक… टक. आवाज आता जवळ होता, लाकडावरचा होता.

शेवंताने विळी बाजूला सारली होती. गुडघ्यावर हात देऊन ती उठली, हात पदराला पुसले.

"थांब रे बाला, आले," ती म्हणाली आणि दाराची कडी काढायला लागली.