गेनबानं धरलेला हात

शेकोटीपाशी सरका, आन् मधी बोलू नका. गेनबाला म्या या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून सांगतो.

भाटघरचं धरण भरलं आणि येळवंडीकाठचं गेनबाचं गाव पाण्याखाली गेलं. बायको ठकुबाई आणि दोन पोरं घेऊन तो नसरापूरच्या अंगाला एका गावात राहायला आला. सन अठ्ठावीस. चंपाषष्ठीला तिथं खंडोबाची जत्रा भरली. पोरांना नव्या गावात करमत नव्हतं. जत्रा दाखवली की रुळतील, म्हणून गेनबा सगळ्यांना घेऊन गेला.

पालखी समोर आली. गेनबानं धाकट्याला खांद्यावर उचललं. पोरगं पालखीला शिवायला वाकलं, तोच मानकरी आनंदरावांनी त्याला मागं लोटलं. म्हणाले, "आधी गावची पोरं. धरणातल्यांनी मागं व्हावं."

लोक हसले. गेनबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गाव त्यांचं, आणि हा एकटा. त्यानं धाकट्याला खाली ठेवलं, मागं न बघता उजव्या हाताला लागला तो पोराचा हात धरला आणि गर्दीतून तरातरा निघाला.

दिवस बुडाला होता. वाट शेतातली. गेनबा चालता चालता शिव्या घालत होता. आनंदरावांना, सरकारला, त्या धरणाच्या भिंतीला. पोर हात धरून मागं चाललं होतं.

"आपलं गाव असतं," तो म्हणाला, "तर पालखीला पहिला हात तुझा लागला असता."

पोराची पकड घट्ट झाली.

"मग चला की आबा, गावाला."

गेनबा थबकला. हात गार होता... लई गार. मागून ठकुबाईचा आवाज आला.

"आवं, दोन्ही पोरं माझ्यापाशी हायत. तुमी कुणासंगं बोलताय?"

गेनबानं खाली पाहिलं नाही.

आवाज त्यानं ओळखला होता. त्याचा थोरला, ज्ञानू. तापानं गेलेला, जुन्या गावी नदीकाठी पुरलेला. गाव सोडताना गेनबानं देव आणले, दारं आणली, चौकटी आणल्या. ठकुबाई रडून म्हणाली होती, त्याची हाडं तरी घेऊ. मेलेल्याला उकरत न्हाईत, म्हणून तो तिच्यावरच खेकसला होता.

हात ओढू लागला. धरणाकडं... गेनबा एक पाऊल गेला. आणखी एक... मग वाटेतच खाली बसला.

"ज्ञानू," तो म्हणाला, "मी तुला पाण्यात सोडून आलो."

रागावलेलं पोर हिसडा देतं, तसा हात सुटला.

पुढं कैक वर्षांनी गेनबा आमच्या थोरल्या भावाच्या लग्नाला आला होता. भर वैशाख. मंगलाष्टकं झाली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. गेनबाच्या मात्र सुटेनात. तांदूळ तळव्याला चिकटून बसले होते. मी जवळच होतो. त्याचा उजवा तळवा ओला होता... आणि त्याला नदीच्या गाळाचा वास येत होता.